साक्ष्य आणि स्वामित्व : नीबूरच्या अरबस्तानविषयक ग्रंथाच्या निमित्ताने

मागे उरलेल्याला इतरांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोठून मिळतो, हा प्रश्न प्रवासवाङ्मयाच्या समीक्षेत क्वचितच उपस्थित होतो. कार्स्टेन नीबूरच्या ‘बेश्रायबुंग फॉन आराबिएन’ (१७७२) या ग्रंथाबाबत मात्र तो टाळता येत नाही.

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या आश्रयाने सहा जणांची मोहीम जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगनहून निघाली. बायबलमधील वनस्पती, प्राणी आणि रूढी यांचा उलगडा अरबस्तानात व्हावा, ही गटिंगेनचा पंडित मिखाएलिस याची मूळ कल्पना. त्यासाठी त्याने शंभर प्रश्नही सिद्ध केले. १७६२ मध्ये सिनाईच्या वाळवंटातून प्रवास झाला. पुढल्या वर्षी येमेनमध्ये भाषाविद फॉन हावेन मे महिन्यात, तर निसर्गशास्त्रज्ञ फोर्सकॉल जुलैमध्ये मरण पावला. चित्रकार बाउरेनफाइंड आणि सेवक बेर्गग्रेन मुंबईकडे येताना समुद्रातच वारले. वैद्य क्रामरचा अंत १७६४ मध्ये मुंबईत झाला. १७६७ मध्ये परतला तो एकटा नीबूर. तो मुळात भूमापक होता. विद्वान म्हणून त्याची निवड झालेली नव्हती.

अशा लेखकापुढे दोन प्रलोभने असतात : मृतांचे श्रम आत्मसात करण्याचे आणि स्वतःच्या अपुरेपणावर पांडित्याचे आवरण घालण्याचे. नीबूरने दोन्ही टाळली. फोर्सकॉलची वनस्पती व प्राणी यांविषयीची हस्तलिखिते त्याने १७७५ मध्ये फोर्सकॉलच्याच नावाने प्रसिद्ध केली. स्वतःच्या ग्रंथात पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद त्याने राखला. जे वाचता येत नव्हते, तेही त्याने निष्ठेने उतरवून घेतले. पर्सेपोलिस येथील कीलाकार लेखांच्या त्याच्या प्रतींचा आधार १८०२ मध्ये ग्रोटेफेंडला त्या लिपीच्या उलगड्यासाठी घेता आला. अज्ञानाची प्रामाणिक नोंद ज्ञानाला कशी उपकारक ठरते, याचे हे उदाहरण होय.

तथापि प्रामाणिकपणा आणि न्याय या एकच गोष्टी नव्हेत. या ग्रंथातील कितीतरी माहिती अरबस्तानातील लोकांच्या तोंडून आलेली आहे. नीबूर ते लपवीत नाही. परंतु माहिती देणारा अनेकदा केवळ व्यवसायाने, धर्माने किंवा गावाने ओळखला जातो. मृत सहकाऱ्याला ग्रंथकर्तृत्व लाभते, जिवंत निवेदकाला मात्र नावही लाभत नाही. ‘ऐकलेले’ हा शब्द विधानाची विश्वसनीयता ठरवितो, त्याचे ऋण मात्र नोंदवीत नाही. बोलणारा येथे ज्ञानाचा सहनिर्माता न राहता त्याचे उगमस्थान बनतो, आणि उगमस्थानाला विहिरीप्रमाणे केवळ स्थान असते.

यावर असे म्हणता येईल की, परक्याशी बोलणाऱ्याला अनामिकता संरक्षणही देते. हे खरे आहे. पण संरक्षणासाठी नाव वगळणे हा निर्णय असतो, आणि नावाची आवश्यकताच न भासणे ही सवय असते. संहितेत दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांतील फरक लेखकाच्या हेतूवरून सिद्ध होत नाही; कोणाची नावे न चुकता येतात आणि कोणाची सहज गळतात, या विभागणीवरून तो दिसतो. नीबूरचा ग्रंथ आपल्या काळाच्या मानाने असाधारण सचोटीचा आहे, आणि म्हणूनच ही विभागणी त्यात अधिक स्पष्ट दिसते. अप्रामाणिक ग्रंथात ऋण दडपलेले असते. येथे ते मान्य झालेले आहे, केवळ कोणाच्या नावे जमा झालेले नाही.