भिंतीवरची लहान खोली
(शास्त्रभाग : 2 राजे 4:8-11, लूक 11:5-8)



येथे कुकटपल्लीत हाउसिंग बोर्डाची मोठी वसाहत आहे. तेथील घरांच्या पाट्यांवर क्रमांकाआधी एल.आय.जी., एम.आय.जी. अशी अक्षरे दिसतात. अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न. माणसाच्या पगारावरून त्याच्या घराचे माप ठरले! पुढे बैठ्या घरांवर मजले चढले, भाडेकरू आले. आणि नोकरीसाठी आलेल्या आपल्यातील पुष्कळांचा संसार एक खोली व स्वयंपाकघर एवढ्यातच मावतो.

मावतो हे खरे. गाद्यांच्या वळकट्या ट्रंकेवर जातात, दिवाणाखाली धान्याचे डबे बसतात, माळ्यावर पाहुण्यांची भांडी. या कामी आपल्या भगिनींना कोणी शिकविण्याची गरज नाही. प्रश्न वेगळाच आहे. ही काढलेली जागा कोणाला मिळते? सोफासेट येतो, आणि गावाहून आलेल्या सासूबाईंची खाट दाराबाहेरच्या बोळात जाते. असे आपल्या विश्वासी घरांतही घडते, म्हणून लिहावे लागते.

शूनेमची ती स्त्री संपन्न होती, हे शास्त्र लपवीत नाही. पण तिने आधी माणूस पाहिला. हा देवाचा माणूस येथून नेहमी जातो, हे तिने हेरले, पतीशी बोलली (लहान घरात तर हे फारच जरूर!), आणि मग धाब्यावर खोली झाली. तीत खाट, मेज, बैठक व दिवा. पाचवी वस्तू नाही. अलीशाला एवढे पुरले.

कोणी म्हणेल, आम्हांला धाबेच नाही. प्रार्थनेसाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावा, असे प्रभू सांगतो. ती खोली कोठून आणावी? जॉन वेस्लीची आई सुझाना हिला एकोणीस मुले झाली. ती पदरासारखा आपला एप्रन डोक्यावर घेऊन प्रार्थनेस बसे, आणि तेव्हा आईला हाक मारायची नाही हे मुलांना ठाऊक असे, अशी आठवण सांगतात. आपल्याकडे पदर तर आहेच. घरच्यांनी तेवढी दहा मिनिटे आवाज खाली ठेवावा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी लूकमधील मध्यरात्रीच्या मित्राचा दाखला मुलांना शिकविताना त्या घराचे चित्र फळ्यावर काढावे. गालीलातील गरिबाचे घर बहुधा एकाच खोलीचे. बाप व मुले एकत्र निजलेली, दार लावलेले. उठायचे तर अंधारात निजलेल्या मुलांना ओलांडून जायचे. म्हणून तो आतून कुरकुरतो. आपली मुले हे लगेच ओळखतील, कारण त्यांच्या घरी रात्री पाणी प्यायला उठणाराही असाच जातो. मग त्यांना विचारावे : भाकरी मागणारा आज आपल्या दाराशी आला, तर त्याला निजायला कोणती जागा द्याल? मुले उत्तर देतात. बहुतेक वेळा आपलीच गादी देतात.