किनाऱ्यावरचे सहा तास: निवड कोणासाठी?



एरवी माझी सेवा भाषांतराची. दुसऱ्यांची प्रवचने मराठीत आणायची, एवढेच काम. या वेळी मात्र ‘विवेक’ या विषयावर स्वतःचा अनुभव लिही, असे सांगण्यात आले. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शास्त्राचा माझा अभ्यास थोडा. पण विवेक म्हणजे काय नव्हे, हे मला अलीकडेच फार जवळून कळले. तेच सांगते.

आम्ही बडोद्याला राहतो. आजीचे माहेर देवगडकडचे. लग्न होऊन ती गुजरातेत आली आणि समुद्र सुटला तो सुटलाच. तिला पंचाहत्तरावे लागले तेव्हा बाबांनी ठरवले की तिला समुद्र दाखवायचा. लक्षद्वीपच्या जहाजसहलीची तिकिटे काढली. बाबांना दुकान सोडता येईना, म्हणून आजी, आई आणि मी अशा तिघी निघालो. कोचीहून जहाज निघते, रात्री समुद्रात चालते आणि दिवसा एकेका बेटापाशी थांबते. कवरत्ती, मिनिकॉय आणि कल्पेनी अशी तीन बेटे, प्रत्येक ठिकाणी किनाऱ्यावर साधारण सहा तास. संध्याकाळी परत जहाजावर यायचे.

सहा तासांत काय काय करायचे, हे निवडावे लागते. काचेच्या तळाची होडी, कयाक, तोंडाला नळी लावून पाण्यावर तरंगत प्रवाळ बघणे, प्रशिक्षकाबरोबर खोल पाण्यात डुबकी, मत्स्यालय, गावातली फेरी, लाकडी कोरीव छतासाठी प्रसिद्ध असलेली कवरत्तीची उज्रा मशीद. सगळे काही सहा तासांत मावत नाही.

पहिला दिवस कवरत्तीचा. आईला जहाज लागले होते, ती केबिनमध्येच पडून राहिली. आजीला घेऊन मी एकटी उतरले. जहाजातून लहान होडीत उतरताना दोन खलाशांनी आजीला दंडाला धरून अलगद खाली घेतले. किनाऱ्यावर सगळ्यांना शहाळी दिली. मी आजीला माडाच्या सावलीत खुर्चीवर बसवले आणि म्हटले, “आजी, तू इथे निवांत बस. समोर समुद्र आहे बघ. मी आलेच.”

ते ‘आलेच’ चार तासांनी आले. डुबकीचे पैसे आधीच भरलेले होते. ती झाल्यावर कयाक, मग काचेच्या तळाची होडी. होडीकडे जाताना एकदा मनात आले की आजीलाही न्यावे. पण लगेच उत्तरही तयार होते: ती कुठे चढणार, गुडघे दुखतील, सगळ्यांचा खोळंबा होईल. मी तिला विचारलेसुद्धा नाही.

परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. “मजा आली का?” तिने विचारले. मी फोटो दाखवत सुटले.

रात्री आईने मला केबिनबाहेर बोलावले. “आईंनी आत्ता ओळीने तीन भांडी पाणी प्यायलं. दुपारभर त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शहाळंसुद्धा कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकलं. तुला माहीत आहे का?”

मला माहीत नव्हते. स्वच्छतागृह मागच्या बाजूला होते. वाळूतून चालत जायचे, दोन पायऱ्या, आणि आत उकिडवे बसायचे. कोणाला सांगायची लाज वाटली, म्हणून आजीने पाणीच टाळले होते. पंचाहत्तराव्या वर्षी, भर उन्हाच्या दिवसात, जिच्यासाठी ही सहल काढली होती तीच समुद्रासमोर चार तास तहानलेली बसली होती.

मित्रहो, मी काही वाईट हेतूने वागले नव्हते. म्हणूनच ही गोष्ट सांगण्यासारखी वाटते. पुष्कळदा आपल्या हातून दुसऱ्याला होणारा त्रास दुष्टपणातून होत नाही, न विचारण्यातून होतो.

कठोपनिषदात यमराज नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतात. श्रेय म्हणजे हिताचे, प्रेय म्हणजे आवडीचे. दोन्ही माणसासमोर येतात. धीर पुरुष त्यांना निरखून वेगळे करतो आणि श्रेय निवडतो. त्याआधी यमराजांनी नचिकेत्यापुढे केवढी यादी ठेवली होती! दीर्घ आयुष्य, धन, हत्ती-घोडे, रथ, गाणी-वाजवणी, हवे ते माग म्हणाले. तो बालक म्हणाला की या सगळ्याने इंद्रियांचे तेज झिजते, मला हे नको. माझ्यासमोर फक्त डुबकी, कयाक आणि होडी होती. मी यादीतले एकही सोडले नाही.

इथे माझा अभ्यासाचा विषय आठवतो. आम्हाला ‘बुडीत खर्च’ शिकवतात. जो पैसा खर्च झाला आणि परत येणार नाही, त्याच्याकडे बघून पुढचा निर्णय घेऊ नये. पुढे काय मिळणार आणि काय जाणार, तेवढेच पाहावे. परीक्षेत हा प्रश्न मी नीट सोडवला होता. किनाऱ्यावर मात्र ‘पैसे भरलेत, वसूल तर झाले पाहिजेत’ याच विचाराने मी धावत होते. पुस्तकातले ज्ञान आणि ऐन वेळी जागा होणारा विवेक यांत किती अंतर असते, ते त्या रात्री समजले.

दुसऱ्या दिवशी मिनिकॉय. आता मी चूक सुधारायची असे ठरवले होते. या बेटावर १८८५ साली ब्रिटिशांनी बांधलेले दीपगृह आहे. वरून सगळे खाजण आणि माडांचे बन दिसते, असे सगळे सांगत होते. आई बरी झाली होती, ती निघाली. मी म्हटले, “मी नाही येत. मी आजीजवळ थांबते.” मोठ्याने म्हटले, चार जणांना ऐकू जाईल असे.

मग मी आजीशेजारी बसले. दर थोड्या वेळाने विचारायचे, “पाणी देऊ? जायचं का बाथरूमला?” शेजारी माणसे असतानाही विचारायचे. मधल्या वेळात दीपगृहाकडे बघायचे आणि सुस्कारा टाकायचा. फोनला रेंज नव्हती, तरी फोन हातातच होता.

तासाभराने आजी म्हणाली, “अगं, जा बाई तू वर. उपकार केल्यासारखी बसू नकोस. काल तू तिकडे होतीस, मी इकडे होते. आज तू इथेही नाहीस आणि तिथेही नाहीस.”

मला राग आला. एवढा त्याग करूनही हेच ऐकायचे? आणि मग त्या रागाचेच नवल वाटले. त्याग खरा असता, तर राग कशाचा आला असता?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने नेमलेले कर्म सोडणे हा तामस त्याग. देहाला त्रास होईल या भयाने सोडणे हा राजस त्याग. आणि आसक्ती व फळ या दोन्हींना सोडून, कर्तव्य म्हणून कर्म करणे हा सात्त्विक त्याग. नीट पाहिले तर सात्त्विक त्यागात कर्म सोडलेलेच नाही. सुटली आहे ती फळाची ओढ. मी नेमके उलटे केले होते. दीपगृह सोडले, पण ‘किती गुणाची नात’ हे फळ घट्ट धरून बसले होते. ते मिळाले नाही, म्हणून राग आला. हा त्याग नव्हता, उधारी होती. माझ्या खतावणीत आजीच्या नावावर मी एक रक्कम मांडून ठेवली होती.

साधनेत असे पुष्कळदा होते. आधी आपण सरळ सुखामागे धावतो. मग चूक कळते आणि आपण त्यागामागे धावतो. दोन्ही वेळा केंद्रस्थानी ‘मी’च असतो. पहिल्या दिवशी मी आजीला विसरले होते. दुसऱ्या दिवशी तिला माझ्या चांगुलपणाचे साधन केले. तिला काय हवे आहे, हे दोन्ही दिवस मी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी कल्पेनी. सकाळी चहा घेताना मी विचारले, “आजी, आज तुला काय करायला आवडेल?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “इथे एवढे माड आहेत. कोणी काथ्या काढताना, सुंभ वळताना बघायला मिळेल का गं? आमच्याकडे सोडणं कुजत घालायचे. त्या वासाने नाक धरायचो आम्ही. आता तो वाससुद्धा आठवत नाही.”

सहलीच्या यादीत असे काही नव्हते. तिथल्या वाटाड्याला विचारले. तो हसला आणि आम्हाला गाडीने एका घरापाशी घेऊन गेला. वाटेत किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे मोठमोठे धोंडे त्याने दाखवले. १८४७ च्या वादळात समुद्राने ते उचलून वर टाकले, असे सांगितले. स्वच्छतागृह कुठे आहे, कसे आहे, हे मी निघण्यापूर्वीच आजीला न कळवता विचारून ठेवले होते.

त्या घरी आजीच्याच वयाची एक बाई होती. या बेटांवरच्या बायकांनी वळलेला सुंभ एके काळी मुख्य भूमीवर जाई आणि त्याच्या बदल्यात तांदूळ येई. तिला मलयाळम येत होते, आजीला मराठी आणि गुजराती. दोघींना एकमेकींचे अवाक्षर कळत नव्हते. त्या बाईने आजीला स्टुलावर बसवले आणि हातात काथ्या दिला. आजीने तो तळव्यांवर घोळवायला सुरुवात केली. पहिल्यांदा तुटला. दुसऱ्यांदा वीतभर सुंभ झाला. ती बाई खळखळून हसली आणि आपली वळण्याची रीत दाखवू लागली. आजीने मान हलवली आणि आपलीच रीत चालू ठेवली. तासभर हे चालले. मी फोटो काढण्याची परवानगी मागितली. त्या बाईने मान हलवून नको म्हटले. मी फोन पिशवीत ठेवला.

निघताना तिने शहाळे फोडून दिले. आजीने ते सगळे प्यायले.

दुपारी आजी काचेच्या तळाच्या होडीत बसली. चढायला जरा वेळ लागला, पण कोणाचाही खोळंबा झाला नाही. पायांखालून निळे मासे गेले, तेव्हा तिने साडीचे काठ वर उचलून धरले, जणू पाणी लागेल. शेवटी तिनेच हुकूम सोडला, “आता तू जा पोहायला. मी आणि तुझी आई इथे बसतो.” मी अर्धा तास पोहले. मनात ओढाताण नव्हती. वळून पाहिले तर दोघी बोलत बसल्या होत्या. तो अर्धा तास माझ्यासाठी संपूर्ण सहलीतला सर्वांत आनंदाचा ठरला.

मित्रहो, यावरून माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवले आहेत. कुठेही, काहीही निवडण्यापूर्वी ते विचारावेत.

पहिला: आपल्यातल्या सर्वांत अशक्त माणसाचे काय? सहल ठरवताना काय दिसणार हे आपण विचारतो. होडीत चढायचे कसे, सावली आहे का, पायऱ्या किती, स्वच्छतागृह कसले, परतीची शेवटची होडी केव्हा, हेही विचारावे. हृदयविकार, दमा किंवा कानाचा त्रास असणाऱ्याने डुबकीपूर्वी डॉक्टरांना विचारावे, भरलेल्या पैशांना नव्हे. वडीलधाऱ्यांना चारचौघांत न विचारता बाजूला नेऊन विचारावे. मदत करताना त्यांची लाज सांभाळणे हीसुद्धा सेवाच.

दुसरा: माझ्या आनंदाची किंमत कोण मोजतो? प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. इवल्या जिवांच्या वसाहती आहेत त्या, आणि ही सगळी बेटे त्यांच्याच देहांच्या साठ्यावर उभी आहेत. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ साली इथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. त्यावर पाय ठेवणे किंवा आठवण म्हणून तुकडा उचलणे ही हिंसाच आहे, आणि प्रवाळ उचलणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. गोडे पाणीही इथे थोडेच. पावसाचे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. आपली एक लांबलचक अंघोळ कोणाच्या तरी विहिरीतून येते. यजमानांच्या गावात अंगभर कपडे घालावेत आणि त्यांच्या प्रार्थनास्थळापाशी तिथली रीत पाळावी. अहिंसा ही केवळ ताटापुरती नसते.

तिसरा: निवडल्यावर मन तिथे असेल का? दीपगृह चढायचे तर मनापासून चढावे. आजीजवळ बसायचे तर मनापासून बसावे. न निवडलेल्याचा हिशोब पाठीवर घेऊन बसले, तर दोन्ही हातचे जाते.

परतीच्या वेळी जहाजाचा भोंगा वाजतो. मग कोणाचे काय बघायचे राहिले, हे जहाज विचारत नाही. आपले आयुष्यही असेच एका बेटावरचे थोडे तास आहे, असे संत-सत्पुरुष परोपरीने सांगत आले आहेत. मी ते कितीदा भाषांतरित केले असेल! पण त्या तासांत आपल्या शेजारी कोणी तहानलेले तर नाही ना, हे पाहायचे मला सुचले नव्हते.

या आठवड्याचा अभ्यास म्हणून एवढेच करू या. घरातल्या एका माणसासाठी आपण नेहमी परस्पर निर्णय घेतो, असे माणूस शोधू या. त्याला एकदा शांतपणे विचारू या, “तुला काय हवं आहे?” आणि उत्तर येईपर्यंत थांबू या. त्यानंतर जे कराल, ते कोणाच्याही खात्यावर मांडू नका.

आजीने वळलेला वीतभर सुंभ आमच्या देवघरात समईशेजारी आहे. तो तिथे तिनेच ठेवला. का, ते मी विचारले नाही. आज विचारीन.

सर्वांना सद्बुद्धी लाभो, हीच प्रार्थना.