दोन आठवड्यांची सेवा

मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत आली, की आपल्या घरोघरी एक प्रश्न निघतो: उन्हाळ्यात सेवेसाठी कुठे जायचं? आम्ही चौघे २०२३ च्या जूनमध्ये पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या एका खेड्यातल्या मुलांच्या मिशनमध्ये दोन आठवडे राहून आलो. त्या निमित्ताने मनात आलेले काही विचार आपल्यापुढे मांडतो.

गाव फार परकं वाटलं नाही. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', चहाला 'चाय' आणि चपातीला चपातीच म्हणतात. रोजचं जेवण मात्र मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. मिशन ख्रिस्ती, संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्हीही हात जोडून बसायचो.

दवाखाना एक क्लिनिकल ऑफिसर सांभाळतो. केनियाच्या खेड्यापाड्यांतली बरीचशी रुग्णसेवा अशाच लोकांच्या हातून होते. नागपूरला एम.बी.बी.एस. करताना मी मलेरियाचे पुष्कळ रुग्ण पाहिले होते, पण अमेरिकेत क्वचितच. तापाने फणफणलेलं मूल आलं की बोटातल्या थेंबभर रक्तावर चाचणी, निदान आणि औषध, हे सगळं तो अर्ध्या तासात उरकायचा. तिथल्या वैद्यक परिषदेची तात्पुरती परवानगी मी आधीच काढली होती, तरी मी त्याच्या हाताखाली काम केलं, असंच म्हणायला हवं. आमच्या मुलांना मात्र परिचारिकेने सुईला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. सोळा वर्षांच्या मुलीने जे अमेरिकेतल्या रुग्णाला करू नये, ते आफ्रिकेतल्या गरीब मुलाला केलं तर चालतं, असं कोणत्या न्यायाने म्हणायचं? मुलांनी भांडी घासली, फाटक्या मच्छरदाण्या शिवल्या, पुस्तकांना कव्हरं घातली.

पहिल्याच दिवशी तीन-चार वर्षांची मुलं धावत येऊन आमच्या मांडीवर बसली. "किती लाघवी आहेत!" सौ. म्हणाली. डॉक्टर म्हणून मला मात्र चैन पडेना. ज्या मुलाला आपल्या माणसाचा भरवसा असतो, ते परक्याला आधी बुजतं. दिसेल त्याला बिलगणाऱ्या मुलाच्या आयुष्यात बहुधा फार माणसं येऊन गेलेली असतात. दोन आठवड्यांनी आम्हीही जाणारच होतो. अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे किंवा शिक्षणासाठी त्यांना तिथे ठेवलेलं असतं. अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेतून मुलांची जी हानी होते ती रोखावी, असं आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये केलं, ते उगाच नव्हे.

एका रात्री मुलीने विचारलं, "बाबा, आपल्या चौघांच्या तिकिटांच्या पैशांत इथल्या एका नर्सचा कितीतरी महिन्यांचा पगार निघाला असता. मग आपण कशाला आलो?"

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी सांगितली आहे: योग्य स्थळ, योग्य काळ, योग्य पात्र आणि परतफेडीची अपेक्षा नसणं. पात्र म्हटलं की आपण घेणाऱ्याकडे बोट दाखवतो. देणाऱ्याची पात्रता कुणी तपासायची? आणि परतफेड काय फक्त पैशाचीच असते? मांडीवरच्या मुलाचा फोटो, कॉलेजच्या अर्जातला निबंध, 'आपण काहीतरी केलं' हे समाधान, हीसुद्धा परतफेडच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतला नवजात मृत्यूदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. बाहेरचा माणूस निघून गेल्यावर मागे काय उरतं, हेच सेवेचं खरं माप.

मग जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. उगाली खाल्ल्याशिवाय, त्या क्लिनिकल ऑफिसरचं काम जवळून पाहिल्याशिवाय माझ्या मुलीला तो प्रश्न पडलाच नसता. पण हा लाभ आमचा होता, हे स्वच्छ मान्य करावं आणि त्याची किंमत तिथल्या मुलांकडून वसूल करू नये. आता आम्ही दरवर्षी दवाखान्याच्या पगारासाठी आणि नातेवाइकांकडे परतलेल्या मुलांच्या शाळेच्या फीसाठी रक्कम पाठवतो. त्यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं काढण्यापूर्वी मुलांना घेऊन बसा आणि एवढंच विचारा: हे काम तिथल्याच कुणाला करता येईल का? आपण परतल्यावर तिथे काय राहील? आणि आपण गेल्याचं कुणालाच कळणार नसेल, तरीही आपण जाऊ का?