पंगतीतलं औषध

गुरुचरित्रात एक पोटदुखीचा रोगी येतो. गोदावरीच्या काठी वासरब्रह्मेश्वराला, म्हणजे आजच्या बासरला, अंगाला दगड बांधून तो जीव द्यायला निघालेला असतो. अन्न पोटात गेलं की कळा सुरू होतात, म्हणून पंधरवड्यानं, महिन्यानं कधीतरी एकदा जेवतो. अन्नच वैरी झालं तर जगायचं कशावर, हा त्याचा सवाल. नृसिंहसरस्वती स्वामी त्याला पाण्यापासून परत आणवतात. तेवढ्यात सायंदेव नावाचा एक अधिकारी दर्शनाला येतो. स्वामी त्याला सांगतात, ह्याला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. पेज-मुगाचं पाणी नाही. उडदाचे पदार्थ, घारगे, दूध-साखर असलं जड जेवण. सायंदेवाच्या पोटात गोळा येतो. घास गिळून माणूस दगावला तर पाप आपल्या माथी. शेवटी स्वामी शिष्यांसह स्वतः त्याच्याकडे जेवायला जातात, रोगी त्याच पंगतीला बसतो, जेवतो, आणि त्याची व्यथा जाते.

ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर हा ह्याच सायंदेवाच्या वंशातला, मोजून पाचव्या पिढीतला. म्हणजे ही त्याच्या घरातली गोष्ट. म्हणूनच की काय, यजमानाची घाबरगुंडी त्यात जशीच्या तशी राहिली आहे. नुसतं माहात्म्य लिहिणाऱ्यानं ती गाळली असती. पुढच्याच अध्यायात कळतं की सायंदेवाला त्याच दिवशी त्याच्या यवन धन्यानं जिवे मारायला बोलावलेलं होतं. ज्याच्या घरी पंगत बसली तोही मरणाच्या धास्तीत होता. एक अन्नाला भ्यालेला, दुसरा धन्याला. दोघं एका ओळीत पानावर बसले.

कोल्हापूर जिल्ह्यात हा ग्रंथ फडक्यात बांधून ठेवायची पोथी नाही. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी आहे, आणि स्वामींनी तिथं बारा वर्षं वास्तव्य केलं अशी परंपरा आहे. पावसाळ्यात कृष्णा देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नानाला झुंबड उडते. एरवी वर्षभर वाडीत सेवेला आलेली माणसं दिसतात. तपासण्या झालेल्या, रिपोर्ट नॉर्मल आलेले, तरी दुखणं हटत नाही, झोप लागत नाही, कुणीतरी 'बाहेरचं आहे' म्हणून सांगितलेलं. सेवा म्हणजे काय, तर पहाटे उठणं, नदीत बुडी, ठरलेल्या प्रदक्षिणा, पारायण, दुपारी प्रसादाची पंगत, संध्याकाळी पालखी. ज्याचा दिवस मोडून पडलेला असतो त्याला इथं एक बांधलेला दिवस मिळतो. शिवाय शेजारी बसलेला परका माणूस विचारतो, 'कुठलं गाव? काय होतंय?' आणि उत्तर ऐकून घ्यायला त्याला वेळ असतो.

असल्या गोष्टी सांगितल्या की आमच्यातले शहाणे म्हणतात, दुखणं मनाचंच होतं तर. हे 'मनाचंच' फार उद्धट आहे. २००८ साली हार्वर्डच्या टेड कॅप्चुक यांनी पोटाच्याच एका दुखण्यावर, इरिटेबल बॉवेलवर, एक प्रयोग प्रसिद्ध केला. २६२ रुग्ण, तीन गट. पहिल्या गटाला नुसतं नाव नोंदवून थांबायला सांगितलं. दुसऱ्याला ॲक्युपंक्चरच्या खोट्या सुया, ज्या कातडीत शिरतच नाहीत, त्या टोचल्यासारखं केलं. पण टोचणाऱ्यानं बोलायचं अगदी जेवढ्यास तेवढं. तिसऱ्याला सुया त्याच खोट्या, मात्र पहिल्या भेटीत पाऊण तास दिला, दुखणं नीट ऐकून घेतलं, धीर दिला. तीन आठवड्यांनी आराम पडल्याचं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. सायंदेवाच्या पाहुण्याला हाच आजार होता असं मी म्हणत नाही. पाचशे वर्षांपलीकडची नाडी कुणाला पाहता येत नाही. पण सुया दोन्ही गटांत खोट्याच असताना ४४चे ६२ कशानं झाले, हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

हे आराम पडणं म्हणजे निव्वळ समजूत नव्हे, हेही आता जुनं झालेलं ज्ञान आहे. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर दाखवलं की खोट्या औषधानं उतरलेली वेदना नॅलोक्सोन दिलं की पुन्हा चढते. नॅलोक्सोन हे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम रोखणारं औषध. म्हणजे भरवशानं शरीरानं स्वतःचीच अफू पाझरवली होती, आणि ती रोखताही आली. तुरीनचे फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी ह्याची दुसरी बाजू दाखवली. शस्त्रक्रियेनंतरचं वेदनाशामक डॉक्टरनं समोर उभं राहून, सांगून दिलं तर जेवढं लागू पडतं, तेवढं ते रुग्णाच्या नकळत यंत्रातून सोडलं तर पडत नाही. औषध तेच आणि मात्राही तीच असते. देणारा माणूस दिसत नाही, एवढाच फरक.

मनाचं सामर्थ्य म्हणून ज्याच्या गप्पा आपण मारतो ते रोग्याच्या डोक्यात एकट्यानं बसलेलं नसतं. ते दोन माणसांच्या मध्ये कुठंतरी असतं. हे मला कोल्हापुरात पुस्तकांच्या आधी तालमीनं शिकवलं असतं, लक्ष असतं तर. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींत हौद्याची तांबडी माती नुसती खणलेली नसते. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर, काव घालून ती मुरवतात. मेहनत संपली की पैलवान तीच माती अंगाला चोळून पडतो आणि घाम जिरवतो. खांदा सरकला की पोराला कट्ट्यावर बसवतात. जाणता वस्ताद हात धरतो आणि खांद्याबद्दल चकार शब्द न काढता विचारतो, 'म्हस व्याली का रं तुमची? दूध किती देती?' पोरगं लिटरचा हिशोब सांगायला लागतं, खांद्याभोवतीचा आवळलेला स्नायू त्या बोलण्यात ढिला पडतो, आणि तेवढ्यात हिसका बसतो. पोरगं ओरडतं तेव्हा काम झालेलं असतं. भीतीनं आखडलेला स्नायू सांध्याला जागेवर येऊ देत नाही, हे कुठलाही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. तो त्यासाठी भुलीचं इंजेक्शन वापरतो. वस्ताद म्हशीची चौकशी करतो.

अर्थात हाड मोडलेलं असताना असा हिसका बसला तर पोराला पुढं कायमचं भोगावं लागतं. हौद्याच्या मातीत हळद किती का घाला, मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात आणि त्यांना वस्तादाचा दरारा नसतो. भरवसा वेदनेपर्यंत पोचतो, झोपेपर्यंत, भुकेपर्यंत, आतड्याच्या चालीपर्यंत पोचतो. विषापर्यंत पोचत नाही. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी, विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही, म्हणून मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसं उठून बसतात. खरोखर भीतीनंच घाम फुटलेल्याला मंत्रानं बरंही वाटत असेल. पण घोणसाचं विष भिनलेल्या माणसाचे तेवढ्यात मोलाचे तास जातात. महाराष्ट्रानं २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं ही रेघ नेमकी जागेवर ओढली आहे: साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. देवाला हात जोडायला कायद्याची हरकत नाही. दवाखान्याची वाट अडवायला आहे. ह्या रेघेसाठी झिजलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी पुण्यात गोळ्यांना बळी पडले, आणि दीड वर्षात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे. मन आणि शरीर ह्यांविषयी ह्या गावात बोलायचं आणि ती नावं घ्यायची नाहीत, हे मला जमणार नाही.

दुसरा धोका मात्र कायद्याच्या टप्प्यात येत नाही, कारण तो सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात राहतो. गुरुचरित्रातच दुसरी एक रोगी आहे, आणि ती आमच्या शिरोळचीच. तिची मुलं एकामागून एक दगावतात. कारण विचारायला जाते तेव्हा तिला सांगितलं जातं की मागच्या जन्मी तू एका ब्राह्मणाचं द्रव्य बुडवलंस, तो पिशाच होऊन तुझी मुलं नेतो आहे. आधी मुलं गेली, मग दोषही पदरात पडला. पुढं वाडीला औदुंबराची महिनाभर सेवा, स्वप्न, त्या मृताचे विधी, आणि सुटका, असा मार्ग ग्रंथ दाखवतो. फेडता येईल एवढंच कर्ज तिच्या नावावर मांडतो. आजच्या भाषेतल्या आरोपाला तेवढीही दया नाही. कॅन्सर झालेल्या बाईला भेटायला आलेले लोक सांगतात, तू सगळं मनात ठेवत होतीस ना, म्हणून झालं. वर पॉझिटिव्ह राहा असा आदेश. म्हणजे बरी झाली नाही तर तेही तिच्याच खात्यावर. १९७८ साली सुसान सोन्टॅग यांनी, स्वतः कॅन्सरचे उपचार घेतल्यावर, ह्याच वृत्तीवर 'इलनेस ॲज मेटाफर' हे पुस्तक लिहिलं. पूर्वी क्षयाला हळव्या स्वभावाचा रोग मानत. जंतू आणि औषधं सापडली, तसा स्वभावाचा संबंध सुटत गेला. पोटातल्या अल्सरचंही तेच झालं. काळजी करतो म्हणून अल्सर, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकवून झाल्यावर पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना त्यामागे एक जिवाणू सापडला. मार्शल तर तो स्वतः पिऊन आजारी पडले. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. काळजीखोर म्हणून हिणवले गेलेले लाखो लोक अँटिबायोटिकनं बरे झाले. त्यांची माफी कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

जिद्दीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी खाशाबा जाधवांची आठवण देतो. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कुस्तीतलं कांस्य. जिद्द कमी होती असं कोण म्हणेल? जायच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिलेले. तिथं जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत आटोपते न आटोपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामादबेयोवसमोर उभं केलं गेलं. मध्ये नियमानं मिळायची अर्धा तास विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्ती गेली. तिथं मन खंबीर करण्याचा सल्ला कामाचा नव्हता; नियमाचं पुस्तक घेऊन पंचाशी भांडणारा एक माणूस हवा होता.

तसा माणूस दवाखान्यात कुठून आणायचा? चार्ल्स मँटनं आराखडा केलेल्या कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या देखण्या जुन्या इमारतीत सकाळी ओपीडीची रांग पाहिली की कॅप्चुकचा पाऊण तास कुठल्या देशात राहतो असा प्रश्न पडतो. २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र केलेला एक अभ्यास आला. प्राथमिक उपचाराच्या भेटीत डॉक्टर स्वीडनमध्ये रुग्णाला साडेबावीस मिनिटं देतो, बांगलादेशात ४८ सेकंद. आमचा आकडा कुठल्या टोकाजवळचा असेल ते रांगेतल्या कुणालाही ठाऊक आहे. डॉक्टरवर राग काढून उपयोग नाही, त्याच्यापुढं अजून दीडशे केसपेपर असतात. म्हणून हे काम आपल्याकडे नातेवाइकांवर पडतं, आणि नातेवाईक म्हणजे बहुधा घरातली एक बाई.

तिच्याविषयी एक अभ्यास मला विसरता येत नाही. १९९५ साली ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या १३ बायका निवडल्या, आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरून यायची वाट पाहिली. सेवा करणाऱ्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. मन आणि शरीर ह्यांचा संबंध ह्याहून रोकठोक कुठं मांडलेला मला माहीत नाही. ज्या सोबतीनं रोगी सावरतो तिची किंमत सोबत देणारीच्या कातडीतून वसूल होते.

तालमीतला गडी ॲडमिट झाला की पोरं पाळ्या लावतात. रात्री दोघं, दिवसा दोघं, एकजण डब्याला. पार्किंगवरून वॉचमनशी भांडणं होतात ती वेगळी. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं दोन-दोन वर्षं करणाऱ्या सुनेला अशी पाळी कुणी लावत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी गडहिंग्लजहून नणंद येते, आईच्या उशाशी अर्धा तास बसते, निघताना वहिनीकडे बघून 'किती खंगलीस गं' म्हणते, आणि साडेपाचची एसटी गाठते.