हे अजून कोणी वापरतं का?

एफआरआर, म्हणजे फ्रीरेंज रूटिंग, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. ऐकायचं काही कारणही नाही. इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कांचं जाळं. त्यातलं प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगत असतं, 'हे पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील.' या बोलण्याच्या रीतीला बीजीपी म्हणतात आणि एफआरआर हे ते बोलणं करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरपैकी एक. काही वर्षांपूर्वी त्यातून सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार काढून टाकला गेला. माझं रोजचं काम याच प्रकारच्या कोडमध्ये असतं, म्हणून त्यातला एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही: जो वापरणारा आपल्याला दिसतच नाही, त्याचं आपण काय देणं लागतो?

आधी थोडी वंशावळ. १९९६ मध्ये कुनिहिरो इशिगुरो यांनी 'झेब्रा' नावाचं रूटिंग सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते पुढे मंदावलं, तेव्हा त्याच कोडमधून 'क्वागा' निघालं, आणि २०१७ मध्ये क्वागातून एफआरआर. क्वागा हा झेब्र्याचाच एक प्रकार, पुढून पट्टे आणि मागून तपकिरी. शेवटची क्वागा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली, आणि ती शेवटची होती हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. सॉफ्टवेअरला हे नाव देणाऱ्यांची विनोदबुद्धी जरा काळीच म्हणायची.

आता सोलॅरिस. रूटिंगचा प्रोग्राम फक्त हिशोब करतो; प्रत्यक्ष रस्ता कर्नलच्या तक्त्यात लिहावा लागतो, आणि प्रत्येक कर्नलशी बोलायची भाषा वेगळी. लिनक्सशी नेटलिंकमधून, बीएसडीशी राउटिंग सॉकेटमधून. सोलॅरिससाठी पुन्हा काही वेगळ्या फाइली. शिवाय बाकीच्या कोडमध्ये जागोजागी 'सोलॅरिस असेल तर असं कर' अशा अटी. कोणी नवीन सोय लिहिली की या अटींमधून वाट काढायची, आणि ज्याच्याकडे सोलॅरिसचं मशीनच नाही त्याने केवळ अंदाजाने लिहायचं.

असं काही काढायचं ठरलं की पहिला सवाल हमखास येतो, 'हे अजून कोणी वापरतं का?' कोणी उत्तर दिलं नाही की शांततेचा अर्थ 'कोणीच नाही' असा लावला जातो. मला हा युक्तिवाद लबाड वाटतो. राउटर नीट चालत असेल तर तो कोणाला आठवतही नाही. तो बसवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, आत्ताच्या माणसाला आत काय आहे ते ठाऊक नसतं, आणि आपली चर्चा इंग्रजीत कुठेतरी चाललेली असते. त्यातून सोलॅरिस काही मेलेली नव्हती. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतली आणि ओपनसोलॅरिस बंद पडलं, तरी त्याच कोडवरून इल्युमॉस हा प्रकल्प उभा राहिला आणि तो चालू आहे. कोणी बोललं नाही म्हणून कोणी नाही, हे सिद्ध होत नाही.

तरीही मी काढून टाकण्याच्याच बाजूचा आहे, फक्त कारण वेगळं. ज्या सिस्टिमवर कोणी चाचणी घेत नाही, ती 'समर्थित' म्हणून यादीत ठेवणं म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्या यादीवर विश्वास ठेवून कोणीतरी आपलं नेटवर्क उभं करतो. रूटिंगमधली चूक तर घरात राहतच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातल्या एका कंपनीने देशापुरतं यूट्यूब बंद करायला घेतलं, त्यांची घोषणा बाहेर निसटली आणि जगातल्या बऱ्याच भागात यूट्यूब दिसेना. ती चूक ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हती, पण एका टोकाची गडबड किती लांब जाते ते त्यातून कळतं.

कायद्याने आपण काहीच देणं लागत नाही. जीपीएल परवान्यात 'कसलीही हमी नाही' हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण यादीत नाव लिहिणं हीदेखील एक हमीच, परवाना काहीही म्हणो. फुकट दिलेला शब्द हा शेवटी शब्दच असतो. तो पाळणारे हात उरले नाहीत, तर मागे घेताना निदान खरं कारण सांगावं. 'कोणी वापरत नाही' या वाक्यात वापरणाऱ्याला नाहीसं केलेलं असतं. 'आम्हाला जमत नाही' या वाक्यात तो असू शकतो, आणि त्याला उत्तर द्यायलाही जागा राहते: मी मशीन देतो, मी चाचण्या चालवतो.

आमच्याकडे असं काही काढायचं असलं की मी म्हणतो, एक आवृत्ती आधी इशारा द्या, आणि तो प्रोग्राम सुरू होताना लॉगमध्ये दिसू द्या. मेलिंग लिस्ट कोण वाचतं? सहकारी म्हणतात, लॉग तरी कोण वाचतं. तेही खरंच. पण रात्री दोन वाजता काही बंद पडलं, तर तो माणूस सगळ्यात आधी लॉगच उघडणार.

जुना कोड गिटमध्ये राहतो, हवा तेव्हा काढता येतो, असं समाधान सगळेच देतात. त्या जुन्या आवृत्तीत नवी सुरक्षा-दुरुस्ती येणार नाही, हे मात्र त्याच ओळीत लिहायला हवं, ठळक अक्षरात.