फोन तू लाव

गुजरातेतल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी सुटते, तेव्हा दारू सोडलेल्या माणसाची खरी परीक्षा सुरू होते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चौघांपासून सांभाळून राहा, असं व्यसनमुक्तीच्या गटांत बजावून सांगतात. रात्रपाळी करून निघालेल्याला हे चौघेही एकदमच गाठतात. पोटात काही नाही, सुपरवायझरशी झालेली बाचाबाची डोक्यात घोळतेय, घरची माणसं तिकडे जळगाव-धुळ्याला आणि अंग आंबून गेलेलं. तलफ नेमकी अशा वेळी उसळते. खिशातल्या फोनमध्ये गटातल्या मित्राचा नंबर असतो, पण तो लावायला हात धजत नाही. ‘सकाळी सकाळी आपलं रडगाणं त्याला कशाला?’

गुजरातेत त्यात धाकाची भर. राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, इथे दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा. त्यामुळे ‘माझा तोल जातोय’ एवढंही बोलायची चोरी होते. दुखणं आतल्या आत वाढत राहतं.

अशा वेळी १९३५ सालचा एक फोन आठवावा. बिल विल्सन हा अमेरिकन माणूस काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटला होता. कामासाठी तो अॅक्रन शहरात आला आणि ते काम फिसकटलं. परक्या गावात, हॉटेलच्या लॉबीत तो एकटा होता. समोरच बार होता. त्याने टेलिफोन गाठला आणि बोलायला दारूच्या विळख्यातला एखादा माणूस मिळेल का, अशी चौकशी केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघे तासन् तास बोलले. त्याच भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ उभी राहिली. बिलने फोन केला तो स्वतःला वाचवण्यासाठी, आणि त्यात डॉक्टरही सावरले.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही हेच दिसतं. तिथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. व्यसनातून बाहेर आलेले कितीतरी जण पुढे तिथेच इतरांना आधार देतात आणि ते देताना स्वतःही टिकून राहतात.

म्हणून आपल्या फोनचं ओझं होईल, हा विचार मनातून काढून टाकावा. जो फोन उचलतो, त्याचाही आजचा दिवस त्या बोलण्याने सावरतो. ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा पिणं झालं असेल, तर लाजेपायी गट सोडू नये. उलट त्याच दिवशी गटात जाऊन बसावं. आणि आपल्या ओळखीचा असा कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर त्याच्या फोनची वाट न बघता आज आपणच विचारावं, ‘काय रे, जेवलास का?’