रिकाम्या आसनांचा धनी

एखादी वस्तू आपल्या मालकीची आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी जितका चर्चिला आहे तितका गृहस्थांनी चर्चिलेला नाही. गृहस्थाच्या दृष्टीने प्रश्न सोपा आहे. पैसे दिले, पावती घेतली, वस्तू आपली झाली. घड्याळ, पलंग, पुस्तकांचे कपाट यांच्या बाबतीत हे उत्तर पुरतेही. कारण आमच्या मनगटावरील घड्याळाने शेजाऱ्याचे काही बिघडत नाही, आणि ते तेथे नसते तर त्याचे काही साधलेही नसते. परंतु काही वस्तू अशा आहेत की त्या घरात आल्या म्हणजे घराबाहेरच्या माणसांशी असलेले आपले नाते पालटते. आजच्या काळी अशा वस्तूंत मोठ्या कौटुंबिक मोटारीचा क्रमांक वरचा लागेल. गेली काही वर्षे अशी एक मोटार आमच्या वापरात आहे. तिच्या सहवासात जो एक प्रश्न आम्हांस वारंवार पडला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू.

व्यापारी भाषेत या मोटारीस क्रॉसओव्हर म्हणतात. तिचे कूळ संमिश्र आहे. जुन्या जीपमध्ये लोखंडी सांगाडा वेगळा आणि त्यावर बसविलेले वरचे अंग वेगळे. साध्या मोटारीत ही दोन्ही एकजीव असतात. क्रॉसओव्हर ही अंगाने मोटार आणि रूपाने जीप. जपानच्या टोयोटा कंपनीने १९९४ साली या घाटाची एक लहान गाडी विकावयास काढली आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे महिंद्रा कंपनीच्या चाकण येथील कारखान्यातून २०११ साली अशी सात आसनांची गाडी बाहेर पडली. तिच्या जागी २०२१ साली जी दुसरी आली, तिच्या पहिल्या २५,००० गाड्यांची नोंदणी अवघ्या ५७ मिनिटांत झाली. आमच्या जालन्याच्या शेजारी, शेंद्रा येथील स्कोडा कंपनीच्या कारखान्यातही २०१७ पासून याच जातीची सात आसनी गाडी जुळविली जाऊ लागली. तात्पर्य, ही आता मूठभर धनिकांची हौस उरलेली नाही. पगारदार, व्यापारी, सधन शेतकरी अशा सर्व मध्यम स्थितीतील कुटुंबांची ती आकांक्षा झाली आहे.

आमचे मूळ गाव टेंभुर्णी. सोलापूर जिल्ह्यातील प्रसिद्ध टेंभुर्णी ती निराळी; ही जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील. नोकरी जालन्यास आणि घर, शेत व वडीलधारी मंडळी टेंभुर्णीस, अशी आमची विभागणी असल्यामुळे या गाडीचा उपयोग आम्हांस रोजचा आहे. तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तिची बैठक अशा उंचीवर असते की गुडघे धरलेल्या वृद्धास ना खाली वाकावे लागते ना वर चढावे लागते. मोटारीत बसणे ही ज्यांस शिक्षा वाटे, ती म्हातारी माणसे आता आपण होऊन गावास जाऊ म्हणतात. तिचे पोट जमिनीपासून जवळजवळ वीतभर वर असल्याने पावसाळ्यातील काळ्या मातीचा रस्ता तिला अडवीत नाही. मागचे बाक आडवे केले की ज्वारीची पोती व मोसंबीच्या करंड्या सुखाने मावतात. दोषही आहेत. गावातील बोळात ती वळता वळत नाही. तिच्या उंच नाकापुढे उभे असलेले लहान मूल चालकास दिसत नाही, म्हणून अंगणातून ती काढताना कोणी तरी बाहेर उभे राहावेच लागते. आणि शेवटच्या ओळीत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीस लागतात. तथापि या गुणदोषांची चर्चा विक्रेते आमच्याहून चांगली करतात. आमचा प्रश्न निराळा आहे. या गाडीत आसने सात आहेत आणि बहुतेक दिवशी तीत माणसे दोन असतात. उरलेली पाच आसने कोणाची?

बैलगाडीच्या काळी हा प्रश्न कोणास पडला नसता. बैलगाडी माणसाच्या चालीहून फारशी वेगाने जात नाही. त्याच वाटेने जाणारा मनुष्य चार पावले भरभर टाकून मागच्या बाजूने चढे, आणि चढल्यावर गाडीवानाशी बोलू लागे. परवानगी मागण्याची व देण्याची क्रिया त्या बोलण्यातच उरके. मोटारीने या व्यवहारात दोन गोष्टी आणल्या, एक वेग आणि दुसरी काच. वेगामुळे थांबणे ही एक स्वतंत्र कृती झाली. म्हणजे बसवून घेणे हा उपकार झाला. काचेमुळे रस्त्यावरील मनुष्य दिसतो, पण त्याचे शब्द ऐकू येत नाहीत. म्हणजे त्यास ‘नाही’ म्हणण्याचीही गरज उरली नाही. नकाराचा संकोच हा माणुसकीचा एक मोठा आधार आहे. जे यंत्र नकार न उच्चारता नकार देण्याची सोय करून देते, ते मनुष्याच्या नीतीवर काही परिणाम करीत नसेल असे म्हणणे कठीण आहे.

यावर पहिले उत्तर असे की, आसने मालकाची. ती भरावी की रिती न्यावी हा त्याचा अधिकार. कायद्याचे उत्तर हेच आहे आणि व्यवहारात ते चुकीचे नाही. अनोळखी माणसास गाडीत घेण्यात जोखीम असते. कुटुंबाचे सुख आणि एकांत यांचीही काही किंमत आहे. परंतु मालकीहक्काचे समर्थन ज्याने मोठ्या हिरिरीने केले, त्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानेच त्या हक्कास एक मर्यादा घातली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो असे प्रतिपादतो की, निसर्गाच्या भांडारातून मनुष्याने जितके नासण्यापूर्वी उपयोगात आणता येईल तितकेच आपले म्हणावे; जे हाती राहून सडेल ते त्याच्या वाट्याच्या पलीकडचे. मोसंबी सडते हे आमच्या भागात कोणास समजावून सांगावयास नको. परंतु मोसंबीस काही दिवस तरी लागतात. रिकामे आसन त्याच क्षणी नासते. आज जालन्यास रिती गेलेली जागा उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. या न्यायाने पाहिले तर मोठ्या मोटारीचा मालक दर कोसास काही तरी नासवीत चाललेला असतो. गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या विचाराचा रोखही हाच आहे: गरजेहून अधिक जे आपल्याकडे आहे ते आपल्यापाशी ठेव म्हणून आहे, असे मानावे.

तेव्हा सज्जन मालकाने वाटेत भेटेल त्यास गाडीत घ्यावे म्हणजे कर्तव्य पुरे झाले, असे कोणी म्हणेल. पुष्कळ सज्जन असे करतातही, आणि ते स्तुत्य आहे. परंतु येथेच खरी अडचण सुरू होते. खाजगी मोटारीत भाडे घेऊन प्रवासी नेण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि तसे असणे रास्तही आहे. पण त्यामुळे रिकामे आसन एक तर दान म्हणून द्यावयाचे किंवा द्यावयाचेच नाही, एवढेच दोन मार्ग उरतात. दान झाले की घेणारा ओशाळा होतो. ज्यास आज आम्ही जालन्यापर्यंत आणले, तो उद्या आमच्या शेताच्या बांधाविषयी तक्रार असली तरी बोलणार नाही. आणि हे त्यासही कळते व आम्हांसही कळते. दुसरे असे की, दान ओळखीच्या वाटेने जाते. गाडी थांबते ती आपल्या आळीतल्या, आपल्या नात्यातल्या, आपल्या पंक्तीतल्या माणसासाठी. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतील मजूर स्त्री हातसुद्धा दाखवीत नाही. ही गाडी आपल्यासाठी थांबणारी नव्हे, हे तिने फार पूर्वीच ठरविलेले असते. एस.टी.चा वाहक तिकीट विचारतो, आडनाव विचारीत नाही. सार्वजनिक वाहनाची सारी नैतिक थोरवी या एका गोष्टीत आहे. तेथे मनुष्य हक्काने चढतो आणि कोणाचा मिंधा न होता उतरतो.

हा हक्क आपल्या लोकांस सहजी मिळालेला नाही. आमचा मुलूख निझामाच्या राज्यात होता, तेव्हा त्या संस्थानाने १९३२ साली रेल्वेच्या जोडीने सरकारी मोटारसेवा सुरू केली. मुंबई इलाख्यात राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान धावली. दोन निराळ्या राजवटींत एकच कल्पना रुजली, की रस्ता जसा सर्वांचा तशी रस्त्यावर एक गाडीही सर्वांची असावी. तिची खरी किंमत कळली ती २०२१ च्या ऑक्टोबरअखेर. एस.टी.च्या कर्मचाऱ्यांनी महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे म्हणून संप पुकारला, आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतून ज्यांच्या दारी मोटार होती त्यांचे काही अडले नाही. ज्यांच्या दारी नव्हती त्यांच्यापैकी कित्येक मुलींचे शिक्षण, कित्येक वृद्धांची औषधे आणि कित्येक मजुरांचे रोज खोळंबले. संपकऱ्यांची बाजू न्याय्य होती की नव्हती हा वाद येथे काढावयाचा नाही. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्यांचा शब्द जिल्ह्याच्या ठिकाणी ऐकला जातो, अशा घरांत या दीर्घ हालअपेष्टेविषयी हळहळ होती, पण तगमग नव्हती. तगमग असण्याचे कारणच उरले नव्हते.

या अवस्थेचे निदान आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. नायजेरियातील रेल्वे वाईट चालत होती आणि मालमोटारी तिच्याशी स्पर्धा करीत होत्या. स्पर्धेने रेल्वे सुधारावी असा सर्वसाधारण समज; प्रत्यक्षात ती सुधारली नाही. हर्शमनने कारण शोधले ते असे की, ज्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा करून तिला सुधारण्यास भाग पाडले असते तेच आधी मालमोटारींकडे निघून गेले. असंतुष्ट मनुष्यापुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे आणि आवाज उठविणे. आणि पहिला मार्ग सोपा झाला की दुसरा ओस पडतो. आमच्या मते मोठ्या कौटुंबिक मोटारीचा नैतिक प्रश्न येथे आहे. मोटार विकत घेताना मनुष्य सात आसने घेतो हे आपणांस दिसते. पण त्याच वेळी बसस्थानकावरील रांगेतून एक आवाज उठून जातो, हे दिसत नाही. शिक्षक जातो, वकील जातो, डॉक्टर जातो, सरपंच जातो. मागे राहतात ते ज्यांस अर्ज लिहिता येत नाही, किंवा लिहिला तरी कोणी वाचीत नाही. शासनाने २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस विनामूल्य आणि २०२३ साली सर्व स्त्रियांस अर्ध्या भाड्यात एस.टी.चा प्रवास दिला, हे उत्तम झाले. परंतु जी गाडी आलीच नाही तिचे अर्धे तिकीट काढता येत नाही. आणि गाडी का आली नाही हे विचारणारा मनुष्य तेव्हा वातानुकूलित काचेआड बसून त्याच रस्त्याने पुढे गेलेला असतो.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, आम्ही कर भरला. मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून शेकडा ५० पर्यंत भार होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला आहे; इतके दिल्यावर समाजाचे देणे उरते कोठे? उत्तर असे की, कराने रस्ता होतो, गाडीही घेता येईल. पण ती गाडी वेळेवर निघावी म्हणून कोणी तरी रोज विचारीत राहावे लागते, आणि ते विचारणे करातून विकत मिळत नाही. दुसरा आक्षेप, मग मोटारी विकून टाकावयाच्या काय? मुळीच नाही. आजारी माणसास मध्यरात्री जालन्यास नेणारी गाडी दारी असणे हे सुख आहे, आणि सुखाचा त्याग म्हणजेच नीती असे आम्ही मानीत नाही. वृद्ध मातापित्यांस सुखाने घरी आणणे हेही कर्तव्यच आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, या मालकीबरोबर दोन ऋणे येतात आणि ती निरनिराळी ओळखावी. पहिले ऋण तातडीचे. वाटेत अपघात दिसला, कोणी अडला, तर आसन त्याचे. तेथे ओळखदेख पाहावयाची नाही. जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्या सद्भावी माणसास दिवाणी वा फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले आहे, तेव्हा भीतीची सबबही फारशी उरलेली नाही. दुसरे ऋण संथ आहे आणि म्हणून अधिक बुडविले जाते. ते म्हणजे ज्या रांगेतून आपण बाहेर पडलो तिच्या वतीने बोलत राहणे: सकाळच्या शाळेची गाडी रद्द झाली की का झाली हे विचारणे, आगारास पत्र लिहिणे, ग्रामसभेत विषय काढणे, आणि महिन्यातून एखाद वेळी आपली मोटार दारी ठेवून त्याच गाडीने जाणे, कारण जे आपण भोगीत नाही त्याविषयी फार दिवस नेटाने बोलता येत नाही. पहिले ऋण फेडणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत आणि त्यांस लोक दुवा देतात. दुसरे फेडणाऱ्यास कोणी दुवा देत नाही. गाडी वेळेवर आली तर ती कोणाच्या पत्राने आली हे चढणाऱ्या मुलीस ठाऊक नसते. परंतु तीच त्या कृत्याची शुद्धता आहे. तेथे घेणारा ओशाळत नाही आणि देणाऱ्याचा अहंकारही पोसला जात नाही.

अशा मोटारीस ‘कौटुंबिक’ हे विशेषण लावण्याची प्रथा पडली आहे. विशेषण चांगले आहे. मात्र कुटुंबाची सीमा गाडीच्या दारापाशी संपते की त्या दारातून दिसणाऱ्या बसथांब्यापर्यंत जाते, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.